सांडव्याची वाट : कऱ्हाटीतील दुष्काळी तलाव आणि पुराचे पाणी

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, उत्तरेकडील भीमा आणि दक्षिणेकडील नीरा या दोन नद्यांच्या मध्ये, बारामती आणि इंदापूर हे तालुके पसरलेले आहेत. पुरंदरच्या डोंगरात उगम पावलेली कऱ्हा सासवड, जेजुरीचा परिसर आणि मोरगाव मागे टाकून बारामतीच्या अंगाने वाहते व सोनगावाजवळ नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नरसिंहपूर येथे भीमेत जाते. कऱ्हेवरून कऱ्हाटी म्हणवला जाणारा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणजे पश्चिमेकडून येणारे मोसमी ढग घाटमाथ्यावर रिते होऊन मगच येथवर पोचतात, आणि म्हणून याच जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याचे डोंगर पावसाने चिंब असताना बारामती-इंदापूरच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस येतो. हा पाऊसही सारखा पडत नाही. मृग-आर्द्रा कोरडी जाणे, श्रावणात नुसती भुरभुर होणे आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास परतीच्या पावसाने दोन-तीन दिवसांत सारी कसर काढणे, हा येथील परिचयाचा क्रम होय. त्यामुळे ज्या ओढ्यात दहा महिने गुरांना पाणी मिळत नाही, तोच ओढा एका रात्रीत बांध फोडून शेतातून वाहू लागतो.

अशा प्रदेशात पूरनियंत्रण या शब्दाचा अर्थ सखल, बारमाही नद्यांच्या प्रदेशातील अर्थाहून वेगळा होतो. तिकडे पूर म्हणजे वस्तीपासून दूर ठेवण्याची आपत्ती. येथे पूर हीच वर्षभराच्या पाण्याची एकमेव आवक असते, आणि तो अडवावा की जाऊ द्यावा हा प्रश्न प्रत्येक धरणाच्या मुळाशी असतो. कऱ्हाटीतील जुन्या लहान धरणांचा इतिहास सामान्यतः दुष्काळाचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि ही धरणे टिकली की फुटली, याचा निकाल दुष्काळाने नव्हे तर पुरानेच लावला, ही बाजू त्या कथनात बहुधा झाकली जाते. धरण बांधणाऱ्याने पाणी किती साठवले यापेक्षा नको असलेले पाणी कोठून आणि कसे जाऊ दिले, यावरच त्याचे कौशल्य जोखले पाहिजे.

येथे काही शब्दांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. बंधारा म्हणजे नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रात आडवी घातलेली बुटकी, बहुधा दगडी भिंत. पूर आला की पाणी त्या भिंतीवरूनच ओसंडते आणि भिंत ते सोसते. तलाव म्हणजे दोन टेकाडांच्या मधल्या खोलगट जागी मातीची पाळ घालून अडवलेले पाणी. मातीच्या पाळीवरून पाणी वाहणे म्हणजे तिचा मृत्यू: वरून ओसंडणारी धार मागच्या उताराची माती प्रथम ओरखडते, मग घळ पाडते, आणि घळ पाळीच्या माथ्यापर्यंत पोचली की साऱ्या तलावाचे पाणी एकाच भगदाडातून बाहेर पडते. म्हणून मातीच्या धरणाला एका बाजूला, जेथे खडक उघडा असेल तेथे, पाळीच्या माथ्यापेक्षा काही फूट खालच्या पातळीवर एक रुंद वाट मोकळी ठेवतात, आणि या वाटेलाच सांडवा म्हणतात. पाळीच्या तळाशी शेतीसाठी पाणी सोडण्याची जी सोय असते ती विमोचक. गावात तिला साधेपणाने मोरी म्हटले जाते. मोरी माणसाच्या इच्छेने उघडते, सांडवा मात्र पाण्याच्या इच्छेने वाहतो.

ब्रिटिश अंमलापूर्वी या भागात जे मोठे जलाशय बांधले गेले ते मुख्यतः देवस्थानांच्या आणि यात्रेकरूंच्या गरजेतून. जेजुरीला पेशवे तलाव आणि होळकर तलाव आहेत. खंडोबाच्या यात्रांना लोटणाऱ्या हजारो माणसांना व जनावरांना केवळ कऱ्हेच्या भरवशावर पाणी पुरवणे अशक्य होते, हे त्यांच्या अस्तित्वावरूनच कळते. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हास्नानाला नदीवर नेतात. त्या प्रथेत या मुलखाची नदीवरची भिस्त आणि तिच्याबद्दलचा आदर ही दोन्ही दिसतात. बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आणि जुनी देवळे कऱ्हेच्या काठाला धरून उभी आहेत, आणि कवी मोरोपंतांचे दीर्घ वास्तव्यही याच काठावर, नाईकांच्या आश्रयाने झाले. शेतकऱ्याच्या पातळीवर पाणी अडवण्याचे साधन होते ते ताल, म्हणजे उतारावर आडवे घातलेले मातीचे किंवा दगडाचे बांध, आणि विहीर. यापेक्षा मोठे काम एका गावाच्या ऐपतीबाहेरचे होते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश प्रशासनाच्या नजरेत आला तो पाण्यामुळे नव्हे, महसुलामुळे. ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी १८३०च्या सुमारास केलेली जमीनमोजणी आणि तिच्यावर आधारलेली भारी आकारणी इंदापुरात कोसळून पडल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये याच तालुक्यात नव्या पद्धतीच्या मोजणीला आरंभ केला, आणि पुढे मुंबई इलाख्याची सारी रयतवारी त्या पद्धतीवर उभी राहिली. पावसाची खात्री नसलेल्या जमिनीवर ठरावीक रोख सारा बसवण्याचा प्रयोग ज्या तालुक्यात सुरू झाला तो इलाख्यातील सर्वांत बेभरवशाच्या पावसाच्या तालुक्यांपैकी एक होता, ही गोष्ट योगायोगाची असली तरी तिचे परिणाम फार दूरवर गेले. सारा रोखीत, पीक मात्र पावसाच्या हातात. या दोहोंमधली फट सावकाराने भरली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली, तो दक्षिणेतील दंग्यांचा प्रारंभ होय. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. दंग्यांची चौकशी आटोपते न आटोपते तोच १८७६चा पाऊस गेला आणि १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळ सुरू झाला.

कऱ्हाटीतील लहान धरणांची पहिली पिढी या दुष्काळाची आहे. सरकारने उपाशी माणसांना फुकट धान्य देण्याऐवजी त्यांच्याकडून काम करून घेऊन मजुरी देण्याचे धोरण ठेवले, आणि त्या कामांना दुष्काळी काम हे नाव पडले, जे पुढे शंभर वर्षे मराठी खेड्यातून हटले नाही. बारामती तालुक्यातील शिरसुफळचा तलाव आणि इंदापूर तालुक्यातील भादलवाडीचा तलाव हे दोन्ही या दुष्काळी कामांतून उभे राहिले. कामावरची मजुरी किती असावी यावर तेव्हा तीव्र वाद झाला. दुष्काळासाठी खास नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढीच मजुरी पुरे ठरवली, आणि तिला विरोध म्हणून १८७७च्या आरंभी मुंबई इलाख्यातील अनेक कामांवरून मजूर उठून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून या मजुरीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जो भराव उभा आहे, त्यातील प्रत्येक पाटी माती अशा मजुरीवर वाहिली गेली, हे या तलावांच्या पाळीवर उभ्या राहणाऱ्याने विसरू नये.

मातीची पाळ वाहणाऱ्या माणसांच्या कामाची रीत नीट पाहण्यासारखी आहे, कारण धरणाची मजबुती तिच्यावरच ठरते. प्रथम पाळीच्या रेषेवर जमीन उकरून मुरूम आणि सुटी माती काढून टाकली जाते आणि मधोमध खडक किंवा घट्ट थर लागेपर्यंत एक चर खणला जातो. हा चर काळ्या चिकण मातीने थराथराने भरून, पाणी मारून, तुडवून घट्ट करतात, म्हणजे तलावातील पाणी पाळीच्या पोटाखालून पाझरून पलीकडे निघत नाही. त्यावर भराव चढतो तोही असाच वीत-दीड वीत थरांनी, प्रत्येक थर ओला करून, बैलांच्या आणि माणसांच्या पायांखाली दाबून. भरावाच्या पोटात चिकण माती आणि बाहेरच्या अंगांना मुरमाड माती घालतात, कारण चिकण माती पाणी अडवते पण वाळली की भेगाळते, तर मुरमाड माती पाझरते पण उतारावर टिकून राहते. तलावाकडच्या उतारावर लाटांच्या माऱ्यासाठी दगडांचा थर रचतात, त्याला सर्रास पिचिंग म्हणतात. दुष्काळी कामाचा गुण आणि दोष दोन्ही येथे एकत्र येतात: माणसे हजारोंनी मिळत असल्याने थर पातळ ठेवता येतात आणि तुडवणी भरपूर होते, पण पाऊस पडला की तीच माणसे पेरणीसाठी गावी परततात आणि अर्धवट भराव पहिल्या पुराच्या तोंडी सापडतो.

सांडव्याचे काम याहून वेगळे असते. त्याला माणसांची संख्या लागत नाही, हिशेब लागतो. वरच्या पाणलोट क्षेत्रातून, म्हणजे ज्या भूभागावरचे पाणी उतरून तलावात येते त्या क्षेत्रातून, सर्वांत मोठ्या पुराच्या वेळी दर सेकंदाला किती घनफूट पाणी येईल, हे ठरवल्याशिवाय सांडव्याची रुंदी ठरत नाही. सेकंदाला एक घनफूट या मोजमापाला क्यूसेक म्हणतात. शिरसुफळच्या काळात या अंदाजासाठी इतर प्रांतांतील अनुभवांवर अवलंबून राहावे लागे. मुंबई इलाख्यापुरते सूत्र पुढे १९३०च्या सुमारास अभियंता क्लॉड इंग्लिस यांनी दिले. पाणलोट क्षेत्राच्या चौरस मैलांना ७,००० ने गुणावे आणि त्या क्षेत्रात ४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे, असे ते सूत्र आहे. १२ चौरस मैलांच्या ओढ्यासाठी हे गणित ८४,००० भागिले ४, म्हणजे २१,००० क्यूसेक असे येते. सूत्र पंखाच्या आकाराच्या, पाणी लवकर एकवटणाऱ्या क्षेत्रांसाठी आणि घाटाकडील पुरांच्या नोंदींवरून बांधलेले असल्यामुळे पर्जन्यछायेत हा आकडा वरच्या मर्यादेचा समजावा. पण त्याचा अर्थ उमगण्यासाठी एवढे पुरे की, त्या १२ चौरस मैलांवरून दोन इंच पाणी वाहून आले तर ते सुमारे साडेपाच कोटी घनफूट भरते, आणि २१,००० क्यूसेकच्या वेगाने ते पाऊण तासात सांडव्यातून निघून जाऊ शकते. दहा महिने कोरड्या असणाऱ्या ओढ्यासाठी एवढी रुंद वाट मोकळी ठेवायची, हे सामान्य माणसाला उधळपट्टीसारखे वाटते, आणि सांडव्याचा पुढचा सारा दुर्दैवी इतिहास या वाटण्यातून निर्माण झाला आहे.

अशा तलावाकडून पूर खरोखर कसा आवरला जातो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तलाव रिकामा असेल तर पहिला पूर तो पोटात घेतो, हे उघड आहे. तलाव सांडव्याच्या काठापर्यंत भरलेला असतानाही त्याचा उपयोग संपत नाही, कारण सांडव्यावरून मोठा प्रवाह वाहण्यासाठी आधी पाण्याची पातळी काही फूट चढावी लागते. पाण्याचा पसारा एक चौरस किलोमीटर असेल तर पातळी एक मीटर चढेपर्यंत १० लाख घनमीटर, म्हणजे १०० कोटी लिटर पाणी तेथे तात्पुरते थांबते. पुराचा सर्वोच्च लोंढा त्यामुळे खाली उशिरा आणि बुटका होऊन पोचतो. दरवाजा नाही, चाक नाही, रात्री जागणारा माणूस नाही, तरीही हे काम आपोआप होते. बिनदरवाजाच्या सांडव्याचा हा गुण मोठ्या, दरवाजांच्या धरणांच्या कौतुकात मागे पडला.

ती मोठी धरणे फार दूर नव्हती. नीरा डाव्या कालव्यात १८८५ मध्ये पाणी सुटले. त्यासाठी नीरेवर वीर येथे बंधारा घालण्यात आला आणि वर वेळवंडी नदीवर, तेव्हाच्या भोर संस्थानाच्या हद्दीत, भाटघरचे दगडी धरण बांधण्यात आले. भाटघरच्या जलाशयाला अभियंता व्हायटिंग यांचे नाव होते. १९२०च्या दशकात त्याच्या खालच्या अंगाला उभ्या राहिलेल्या लॉइड धरणाने त्याची जागा घेतली. त्यावर ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत, म्हणजे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते पाण्याच्याच दाबाने उघडतात. कालव्याने बारामती-इंदापूरचा दक्षिण पट्टा बदलून टाकला, ऊस आला, पुढे साखर कारखाने आले, आणि अतिपाण्याने जमिनी पाणथळ व खारपड होऊ लागल्या, इतक्या की या प्रश्नासाठी १९१६ मध्ये सिंचनाची खास संशोधन शाखा स्थापन करावी लागली; खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचा उगम तिच्यात आहे.

कालव्याने पुराचा प्रश्न मात्र नव्या रूपात उभा केला आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कालवा समपातळीच्या रेषेला धरून डोंगराच्या कुशीतून जातो, तर ओढे वरून खाली नदीकडे येतात. म्हणून कालव्याच्या वाटेत येणारा प्रत्येक ओढा त्याला कोठे तरी ओलांडावाच लागतो. खुद्द कऱ्हाही कालव्याच्या वाटेत येते. लहान ओढ्यांसाठी कालव्याखालून मोऱ्या काढल्या जातात, मोठ्या प्रवाहावरून कालवा जलसेतूने नेला जातो. मोरी गाळाने बुजली किंवा ओढ्याचे पात्र नांगरून शेतात घेतले गेले, की पुराला कालव्याचा भराव फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मे २०२५ मध्ये, मोसमी पावसाचा हंगाम सुरू होण्याआधीच, बारामती आणि इंदापूर भागात कोसळलेल्या पावसात नीरा डावा कालवा बारामती तालुक्यात फुटला, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी आखलेल्या ओलांडणीचा हा जुनाच हिशेब पुन्हा समोर आला.

जिरायती उत्तर आणि पश्चिम भागाला हा कालवा मिळाला नाही. तेथे विसाव्या शतकाच्या साठच्या आणि सत्तरच्या दशकांत दुसरी पिढी आली, ती पाझर तलावांची: ज्या तलावाला मोरी नसते, अडवलेले पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना उतरते, तो पाझर तलाव. धान्याच्या मोबदल्यात काम या योजनेतून बारामती भागात असे तलाव झाले, १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानाच्या आरंभीच्या कामांना त्यांची पार्श्वभूमी होती, आणि १९७२च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेखाली ते गावोगाव पसरले. संख्या वाढली तसे सांडव्याचे काम सुमार झाले, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मातीकामाला मजूर आणि मजुरी दोन्ही उपलब्ध होती. दगडी बांधकामासाठी सिमेंट आणि तज्ज्ञ लागत. पुष्कळ ठिकाणी पाळ पुरी उंच झाली आणि सांडवा म्हणून मुरमात खणलेली एक अरुंद चारी राहिली. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहर बुडाले, त्याला तेव्हा पंधरा वर्षेही झाली नव्हती.

कऱ्हेवर जेजुरीनजीक नाझरे येथे झालेले धरण, मल्हारसागर, हे या नदीवरील सर्वांत महत्त्वाचे साठवण आहे. तरी त्याची क्षमता एक टीएमसीहून कमी आहे, आणि टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. २०१९च्या उन्हाळ्यात कऱ्हेकाठची जिरायती गावे टँकरच्या पाण्यावर जगत होती. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुरंदरच्या डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाझऱ्यातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि दुसऱ्या दिवशी बारामती शहरात कऱ्हेकाठच्या हजारो रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. कित्येक वर्षे नदीला पाणीच नसल्यामुळे पात्रात वेड्या बाभळी माजल्या होत्या आणि काठावरची वस्ती पात्राच्या कडेपर्यंत उतरली होती. धरणाने लोंढा निर्माण केला नव्हता, आणि तो रोखणेही त्याच्या आवाक्यात नव्हते. एवढ्या लहान साठ्याच्या धरणाला अशा रात्री आलेले पाणी पुढे देण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. लोंढ्याला जागा हवी होती आणि ती जागा माणसांनी घेतली होती.

शिरसुफळ आणि भादलवाडी यांची आजची अवस्था या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगी आहे. शिरसुफळच्या तलावात आता शिरसाई देवीचे नाव धारण करणाऱ्या जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे पाणी पंपाने आणून सोडले जाते. म्हणजे जो तलाव पुराच्या पाण्यासाठी बांधला, तो आता विजेच्या पाण्यावर भरतो. भादलवाडीच्या तलावातील बाभळींवर चित्रबलाक पक्षी घरटी करतात. मोठ्या पिवळसर चोचीचे, शेपटीकडच्या पिसांवर गुलाबी छटा असलेले हे पक्षी बुडालेल्या झाडांवर वीण करणे पसंत करतात, कारण भोवतीचे पाणी पिलांचे मांजर-कुत्र्यांपासून रक्षण करते. ज्या वर्षी तलाव भरत नाही त्या वर्षी ते तेथे फिरकत नाहीत. दुष्काळी मजुरांनी माणसांच्या जगण्यासाठी घातलेल्या पाळीचा हा उपयोग त्यांच्या कल्पनेतही नसेल. तलाव आटला की उघड्या पडलेल्या ओलसर गाळावर पीक घेण्याची रीत जुनी आहे, तिला गाळपेर म्हणतात. तिने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते सांडव्यात पीक घेतल्याने. सांडव्याच्या तोंडाशी ताल घालून साठा हातभर वाढवण्याचा मोहही असाच घातक आहे, कारण हातभर वाढलेल्या साठ्यासाठी पाळीच्या माथ्यापर्यंतचे सुरक्षित अंतर तेवढेच कमी होते.

जुन्या तलावांच्या दुरुस्तीत आज गाळ काढण्यावर भर दिला जातो, आणि गाळमुक्त धरण ही कल्पना लोकप्रियही आहे. गाळ काढल्याने साठा वाढतो आणि शेताला सुपीक माती मिळते, म्हणून ते काम व्हावेच. पण पाळीवरची झाडे काढणे, घुशींची बिळे भरणे, पिचिंग बसवणे आणि सांडव्याची वाट ओढ्याला मिळेपर्यंत मोकळी करणे ही कामे त्याआधीची आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील तलावांच्या सांडव्याची रुंदी आणि त्याखालच्या ओढ्याचे पात्र मोजून गावनकाशावर दाखवावे, ते खाचरात किंवा प्लॉटात जाऊ देऊ नये, आणि दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागण्याआधी ती वाट पायी चालून पाहावी.